शनवार तेली आणि आपली शाळा

विद्यार्थी मित्रांनो, पालकहो आणि माननीय विश्वस्त मंडळी,



वार्तापत्राच्या संपादक मंडळाने या अंकासाठी मुख्याध्यापकांचे मनोगत मागितले. निकाल, स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा अशा नेहमीच्या विषयांवर चार ओळी लिहून देणे सोपे होते. परंतु गेल्या काही बैठकांपासून एक प्रश्न आपणा सर्वांच्या मनात घोळतो आहे आणि तो बाजूला ठेवून दुसरे काही लिहावे असे आम्हांला वाटेना.

प्रश्न सरळ आहे. महामारीनंतर आपल्या शाळेतील मराठीच्या तासाला बसणारी मुले कमी झाली. प्रवेशाच्या वेळी पालक विचारतात, "इंग्रजी तर हवीच, तेलुगू राज्याची भाषा आहे, हिंदी सगळीकडे चालते. मग चौथी भाषा मुलाच्या डोक्यावर कशाला?" प्रश्न रागावण्यासारखा नाही. विचारणाऱ्यांपैकी अनेकजण याच शाळेचे माजी विद्यार्थी आहेत. आता येत्या जूनपासून पहिलीपासून मराठी शिकवायची, की ती प्रार्थनेपुरती आणि स्नेहसंमेलनापुरती ठेवायची, हे विश्वस्त मंडळाला ठरवायचे आहे.

या प्रश्नाचा विचार करताना आम्ही ज्या वाटेने गेलो, ती वाट सुलतान बाजारातून निघून थेट कोकणच्या किनाऱ्याला आणि तिथून पश्चिम आशियाला जाते. तीच आज आपल्यापुढे मांडतो.

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता. देशभरच्या टाळेबंदीचा तो पहिला दिवस. उगादीची पचडी आणि पाडव्याची कडुनिंबाची चटणी त्या दिवशी घरातल्या घरातच वाटली गेली. पुढे सुमारे दीड वर्ष शाळेचे दार जवळजवळ बंदच राहिले आणि आम्ही मोबाइलच्या पडद्यावर चौकोनात बसलेल्या मुलांना शिकवत राहिलो. त्या काळात इतिहासाच्या तासाला हिटलरचा धडा चालू असताना नववीतल्या एका मुलीने विचारले, "इतके ज्यू मारले गेले, मग जे उरले त्यांनी पुढे काय केले? आणि आपल्याकडे ज्यू होते का?" प्रश्न चांगला होता. वाचून सांगतो, असे तिला म्हटले आणि वाचायला बसलो.

आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरात मराठी, गल्लीत दखनी, बाजारात तेलुगू आणि वर्गात हिंदी, असे आमचे विद्यार्थिदशेचे दिवस. ज्यू म्हणून आम्हांला ठाऊक होता तो 'वेनिस का सौदागर' मधला सावकार शायलॉक, आणि जगाच्या इतिहासातले छळछावण्यांचे पान. दूरदर्शनवर 'बूट पॉलिश' हा १९५४ सालचा चित्रपट लागला की त्यातल्या जॉन चाचाला पाहून आमच्या घरची मोठी माणसे हळवी होत. ती भूमिका करणारे डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, रायगड जिल्ह्यातल्या चौलचे आडनाव लावणारे, मराठी मातृभाषा असलेले ज्यू, हे मात्र आम्हांला त्या टाळेबंदीतल्या वाचनातूनच कळले.

ज्यू मराठी बोलतात! केवळ बोलत नाहीत, त्यांची आडनावेही पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर, राजपूरकर, नवगावकर अशी आहेत. त्यांना बेने इस्राएल म्हणतात. त्यांच्या परंपरेनुसार फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया एवढेच वाचले. बुडालेल्यांना तिथेच पुरण्यात आले. ही घटना केव्हा घडली याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु वाचलेल्यांजवळ ग्रंथ उरले नाहीत, गुरू उरले नाहीत, आणि पाहता पाहता त्यांची मूळ भाषाही गेली. त्यांनी कोकणात तेलाचे घाणे चालवायला घेतले. घाणा शुक्रवारी संध्याकाळी थांबे, तो शनिवारी रात्रीपर्यंत फिरत नसे. शेजारच्या लोकांनी त्यांना नाव दिले 'शनवार तेली'.

मुलांनो, क्षणभर विचार करा. पोथी नाही, शाळा नाही, देवळात सांगणारा पुरोहित नाही. अशा वेळी एखादा समाज किती दिवस स्वतःला ओळखू शकेल? त्यांच्याजवळ मोजक्या गोष्टी उरल्या होत्या. शनिवारची विश्रांती, मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम, जसे की पर आणि खवले असलेलाच मासा खायचा. आणि हिब्रू भाषेतील एक वचन, 'शेमा'. देव एकच आहे, असे सांगणारे ते वचन लग्नात, बारशाला, अंत्यविधीला, नवस फेडताना, सगळीकडे म्हटले जाई. पुढे शिकवायला आलेल्या मंडळींनी जेव्हा त्यांना ओळखले, तेव्हा ते या एवढ्याशा खुणांवरूनच ओळखले.

बाकी सगळे त्यांनी शेजाऱ्यांकडून घेतले. पेहराव घेतला, भाषा घेतली, हळद घेतली, मंगळसूत्र घेतले. सणांना मराठी नावे दिली. ज्यूंचे नवे वर्ष तो नव्याचा सण. पुरीम हा सण होळीच्या सुमाराला येतो, म्हणून तो होळीचा सण. जेरुसलेमचे मंदिर पडले त्या दिवसाच्या उपवासाला बिरड्याचे, म्हणजे मोड आलेल्या वालांचे नाव. आणि वर्षातला सर्वांत पवित्र दिवस, ज्याला ज्यू लोक योम किप्पूर म्हणतात, तो दारफळणीचा सण. त्या दिवशी घराची दारे लावून घ्यायची, उपवास करायचा, बाहेरच्या कोणाला भेटायचे नाही, वर्षभरात आपण कसे वागलो याचा मनाशी हिशेब करायचा. दुसऱ्या दिवशी दार उघडायचे, दानधर्म करायचा आणि एकमेकांच्या भेटीला जायचे.

हे वाचले तेव्हा आपली सगळ्यांची दारे बंद होती. त्या नावाने आमच्या मनाला चटका लावला. दार बंद होणे ही नुसती शिक्षा नसते. बंद दाराआड बसलेल्या माणसाने स्वतःला काही विचारले, तर दार उघडल्यावर तो थोडा वेगळा माणूस म्हणून बाहेर पडतो. न विचारता बसला, तर फक्त दिवस गेले एवढेच.

मग आम्ही त्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाकडे वळलो. संकटातून उरलेल्यांनी पुढे काय केले?

ज्यू समाजाने हा प्रश्न स्वतःला अनेकदा विचारला आहे. इसवी सन ७० मध्ये रोमन सेनापती टायटसने जेरुसलेमचे मंदिर जाळले. त्या काळी त्यांचा धर्म त्या एका मंदिराभोवती फिरत असे. होमबळी तिथेच, यात्रा तिथेच, पुरोहित तिथलेच. मंदिर गेले म्हणजे धर्मच गेला, असे वाटावे अशी ती वेळ. परंपरेत सांगतात की योहानान बेन झक्काई नावाचे वृद्ध गुरू वेढा पडलेल्या शहरातून तिरडीवर मेल्याचे सोंग घेऊन बाहेर पडले आणि त्यांनी रोमन सेनापतीकडे एकच मागणी केली. यावने नावाचे लहान गाव आणि तिथले विद्वान तेवढे राहू द्या. राज्य मागितले नाही, मंदिरही मागितले नाही. मागितली ती एका परीने शाळा.

त्या शाळेतून पुढचा ज्यू धर्म उभा राहिला. होमबळीच्या जागी प्रार्थना आली, पुरोहिताच्या जागी शिक्षक आला, आणि मंदिराच्या वेदीच्या जागी घरातले जेवणाचे मेज आले. पुढे त्यांच्या ज्ञानपरंपरेत असा विचार मांडला गेला की मंदिर पुन्हा बांधायचे असले तरी त्यासाठी लहान मुलांचा अभ्यास थांबवू नये. एका शिक्षकाकडे पंचवीस मुले असावीत, चाळीस झाली तर मदतनीस द्यावा, पन्नास झाली तर दुसरा शिक्षक नेमावा, इथपर्यंतचा हिशेब तिथे केलेला आहे. आमच्या शिक्षक बंधुभगिनींना हे वाचून आनंद होईल, आणि विश्वस्त मंडळींनीही त्याची नोंद घ्यावी!

आता जवळचे पाहू. हिटलरच्या राजवटीत सुमारे साठ लाख ज्यू मारले गेले. जे वेळीच निसटले त्यांपैकी काहीजण मुंबईला पोहोचले. तिथल्या ज्यूंनी १९३४ साली त्यांच्या मदतीसाठी संस्था काढली. त्याच साली वॉल्टर काउफमान नावाचा संगीतकार मुंबईत उतरला. आकाशवाणी सुरू होताना वाजणारी जी धून आपल्या आजी-आजोबांना पहाटेच्या चहाइतकी ओळखीची आहे, ती त्याने बांधली असे मानले जाते. सुरुवातीला भारतीय संगीत त्याला मुळीच कळेना. परंतु त्याने असा विचार केला की कोट्यवधी माणसे ज्या गाण्यावर प्रेम करतात त्यात काही असणारच, न कळण्याचा दोष आपल्या कानांचा असेल. आणि तो शिकायला बसला. घरदार गमावलेल्या माणसाला परक्या देशात असा विचार सुचावा, याचे आम्हांला राहून राहून नवल वाटते.

कोकणातल्या बेने इस्राएलांनीही आपल्या वाट्याच्या संकटांतून असेच काही उभे केले. सामाजी हसाजी दिवेकर हे इंग्रजांच्या फौजेतले अधिकारी टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. सुटलो तर प्रार्थनामंदिर बांधीन, असा त्यांनी नवस केल्याचे सांगतात. सुटून आल्यावर १७९६ साली त्यांनी मुंबईत 'शार हरहमीम', म्हणजे दयेचे द्वार, हे बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. त्या भागातले मध्य रेल्वेचे 'मस्जिद' स्थानक या ज्यूंच्या मशिदीवरून ओळखले जाते, असे सांगतात.

पुढची गोष्ट शाळेची आहे. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी या समाजासाठी शाळा काढल्या. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. हेतू अर्थातच धर्मप्रसाराचा होता. बेने इस्राएलांनी शिक्षण घेतले, हिब्रू घेतली, मराठीत आलेला बायबलचा जुना करार वाचला आणि त्यातून आपलाच धर्म अधिक नीट समजून घेतला. धर्मांतर करणारे फार थोडे निघाले. मग त्यांचे त्यांनीच काम हाती घेतले. आमच्याच पेशाचे, मुंबईच्या एका ज्यू शाळेचे मुख्याध्यापक जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या सणाची पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्यातल्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया चक्क साड्या नेसलेल्या आहेत. १८८० च्या सुमारास तर त्यांनी मराठी कीर्तनाचा साज घेऊन अब्राहाम आणि मोशे यांची आख्याने लावली. नारदाची गादी कुठवर पोहोचली पाहा!

आणि १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी सहकाऱ्यांबरोबर मुंबईत समाजाची शाळा सुरू केली. मराठी, इंग्रजी आणि हिब्रू यांची तिथे सांगड होती. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत पहिल्या आलेल्या रिबेका रूबेन या बाईंनी १९२२ पासून १९५० पर्यंत ती शाळा सांभाळली. आज त्या शाळेत शिकणारी बहुतेक मुले ज्यू नाहीत. समाज देशांतरी गेला, तरी शाळेचे दार आजूबाजूच्या सर्व मुलांसाठी उघडे राहिले. शाळा काढणाऱ्यांना याहून मोठे यश कोणते असावे, हे आम्हांला ठाऊक नाही.

एका दिवाळीच्या सुटीत आम्ही सहकुटुंब अलिबागला गेलो. नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि गावात 'इस्राएल आळी' नावाचा रस्ता. त्या आळीत मागेन आबोथ हे प्रार्थनामंदिर आहे. आळीचे नाव तेवढे राहिले आहे, राहणारी घरे मोजकी. नवगावला समुद्राजवळ त्या फुटलेल्या जहाजाचे स्मारक उभे आहे. आमच्याबरोबरच्या मुलांनी तिथे विचारले, "यांचे नाव कुणालाच ठाऊक नाही, मग स्मारक कुणाचे?" आम्ही म्हटले, ज्यांनी शनिवार विसरू दिला नाही त्यांचे.

तिथल्याच एका सद्गृहस्थांनी आम्हांला मलिद्याविषयी सांगितले. आपल्या हैदराबादेत मलिदा म्हणजे पोळी चुरून तूप-गूळ घालून केलेला पदार्थ. बेने इस्राएलांचा मलिदा भिजवलेल्या गोड पोह्यांचा असतो, ओले खोबरे आणि वेलची घातलेला, वर फळे मांडलेला. एलियाहू हन्नबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याच्या नावाने तो करतात. जगातल्या दुसऱ्या ज्यूंकडे ही चाल अशी नाही. हन्नबी त्यांचा, पोहे आपले!

आता कथेतला अवघड भाग. १९४८ च्या मे महिन्यात इस्राएल राष्ट्र जन्मले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आपल्या हैदराबाद संस्थानाचे भारतात विलीनीकरण झाले. त्या सुमाराला भारतात बेने इस्राएलांची संख्या २०,००० च्या आसपास होती. पुढच्या दशकांत त्यांतले बहुसंख्य तिकडे गेले. आज भारतात सर्व प्रकारचे ज्यू मिळून चार-पाच हजारच उरले आहेत. गेलेल्यांना बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद, रामले अशा गावांत घरे मिळाली, पण आरंभी मान मिळाला नाही. काही कुटुंबांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी तिथे धरणे धरले आणि ती भारतात परतली. १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बीपीठाने अशी सूचना काढली की बेने इस्राएलांचे इतर ज्यूंशी लग्न लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. ज्यांनी ग्रंथावाचून शतकानुशतके शनिवार पाळला, त्यांनाच विचारले गेले, तुम्ही खरे ज्यू कशावरून? ती माणसे १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमच्या रस्त्यावर आली. ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेने खास बैठक घेऊन सांगितले की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत आणि त्यांचे हक्क समान आहेत. त्यानंतर रब्बीपीठालाही सूचना बदलावी लागली.

आणि याच लोकांनी तिथे जाऊन काय काढले? मराठी नियतकालिक! त्याचे नाव 'मायबोली'. मुले हिब्रू बोलणार, नातवंडे हिब्रूतच स्वप्ने पाहणार, हे ठाऊक असूनही त्यांनी ते काढले. भारतात असताना त्यांनी हिब्रू जपली आणि इस्राएलात गेल्यावर मराठी. आम्हांला ही गोष्ट फार मोठी वाटते.

आपला हैदराबादचा मराठी समाज या अनुभवाला अगदी परका नाही. निजामाच्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे. तरीही आपल्या पूर्वजांनी इथे मराठी शाळा चालवल्या, ग्रंथालये काढली, १९३१ साली डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली इथे मराठी साहित्य संमेलन भरवले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. मराठवाडा एकीकडे गेला, हैदराबाद शहर आंध्र प्रदेशात आले. कोणी घर सोडले नव्हते, तरी एका रात्रीत आपण सीमेच्या पलीकडचे झालो. २ जून २०१४ पासून आपण तेलंगणाचे आहोत, आणि आनंदाने आहोत. तेलुगूने आपल्याला शेजार दिला, पोट दिले, सुनाबाळा दिल्या. हा लेख तेलुगूच्या विरुद्ध नाही, हे येथे स्पष्ट करतो.

मग शनवार तेल्यांनी आपल्या प्रश्नाला काय उत्तर दिले? आमच्या समजुतीप्रमाणे असे.

संकट आले की माणूस दोन टोके पकडतो. एक म्हणते, सगळे पूर्वीसारखेच झाले पाहिजे. दुसरे म्हणते, काळ बदलला, सगळे सोडून द्या. बेने इस्राएलांनी ही दोन्ही टोके सोडली. त्यांनी थोडेसेच घट्ट धरले आणि बाकीच्या बाबतीत हात मोकळे ठेवले. थोडे धरले म्हणूनच ते शेवटपर्यंत धरता आले.

महामारीत जगभरच्या ज्यूंनी हेच केले. त्यांच्या सामूहिक प्रार्थनेला दहा जण जमावे लागतात आणि जमायला तर बंदी. ८ एप्रिल २०२० च्या संध्याकाळी वल्हांडण सुरू झाला. एरवी त्या रात्री सगळे कुळ एका मेजाभोवती बसते आणि घरातले सर्वांत लहान मूल प्रश्न विचारते की आजची रात्र इतर रात्रींहून निराळी का. त्या वर्षी कित्येक आजी-आजोबा एकटेच बसले. इस्राएलातल्या काही रब्बींनी त्या रात्री पडद्यावरून एकत्र येण्याची मुभा दिली, मुख्य रब्बीपीठाने ती नाकारली, आणि वाद झाला. पण मुलाने प्रश्न विचारायचा आणि मोठ्यांनी उत्तर द्यायचे, हे मात्र कोणी सोडले नाही. मेज, पाहुणे, पक्वान्ने सुटली तरी प्रश्न राहिला.

तेव्हा विश्वस्त मंडळापुढे आमचे नम्र म्हणणे असे. सगळे विषय मराठीतून शिकवण्याचा आग्रह आम्ही धरत नाही. गणित-विज्ञान इंग्रजीतून चालू द्या. तेलुगू पक्की शिकवू, कारण मुले इथेच राहायची आहेत. परंतु पहिलीपासून रोज एक तास मराठी वाचन-लेखनाचा असू द्यावा, आणि तो परीक्षेच्या भीतीवाचून असावा. तो आपला शनिवार. त्या एका तासाला कोणत्याही कारणाने कात्री लावू नये, ना सरावासाठी, ना कवायतीसाठी. मंडळाने दुसरा निर्णय घेतला तर मुख्याध्यापक म्हणून आम्ही तो पाळूच, परंतु लिपी एकदा हातातून सुटली की पुढच्या पिढीला आजोबांचे पत्र वाचता येत नाही, एवढे लक्षात घ्यावे.

पालकांना सांगणे असे की एक तास शाळेचा, तर एक भाग तुमचा. 'शेमा' पोथीने टिकवला नाही, घरांनी टिकवला. रात्रीच्या जेवणाच्या वेळी दूरदर्शन आणि मोबाइल बाजूला ठेवून मुलाला मराठीत एक प्रश्न विचारू द्या. उत्तरात दोन शब्द तेलुगूचे, चार दखनीचे आले तरी चालतील. आमच्या स्वतःच्या मराठीतही हिंदी डोकावते, हे या लेखात आपल्या लक्षात आलेच असेल. तरी आम्ही ती लिहितो.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक काम. तुमच्या घरातील सर्वांत वडील माणसाला विचारा की आपले घराणे हैदराबादला केव्हा आले, कुठून आले, आणि येताना काय बरोबर आणले. जे कळेल ते स्वतःच्या अक्षरात एका पानावर मराठीत लिहून आमच्याकडे द्या. अक्षर वळणदार नसले तरी हरकत नाही. पुढच्या अंकात त्यांतली निवडक पाने छापू, आणि सर्व पानांची एक वही बांधून ग्रंथालयात ठेवू.

ज्या मुलीने तो प्रश्न विचारला ती आता महाविद्यालयात आहे. तिला आमचे उत्तर इतकेच. उरलेल्यांनी शाळा मागितली, प्रार्थना आपल्या भाषेत आणल्या, शेजाऱ्यांचे पोहे घेतले आणि आपला शनिवार सोडला नाही. आपल्याला यातले जे जमेल ते करू.

सर्वांना शुभेच्छा. कळावे, लोभ असावा.

आपले,
मुख्याध्यापक